विस्मृतीची चाहूल

भोपाळातील आमच्या धर्मग्रामात अनेक वर्षे धर्मशिक्षण देणारे एक वृद्ध गुरुजी परवा मजकडे आले. हाती मेंदूच्या एम. आर. आय.चे पाकीट होते. "फादर, नावे आठवत नाहीत, तेच तेच पुन्हा विचारतो. घरचा व्यवहार मात्र अद्याप सांभाळतो. या चित्रात माझे पुढचे दिवस दिसतात काय?"

प्रश्न त्यांच्या एकट्याचा नव्हे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात साठीपुढील सुमारे ८८ लक्ष लोकांना स्मृतिभ्रंश आहे.

मेंदूत कानशिलांच्या आतल्या बाजूस हिप्पोकॅम्पस नामक लहानसा भाग असतो. नव्या आठवणी साठवण्यास तो लागतो. तो आक्रसलेला दिसला, तर सौम्य विस्मरण पुढे स्मृतिभ्रंशाकडे वळण्याचा संभव वाढतो. डॉ. आल्झायमर यांनी १९०६ साली जे डाग मृत रुग्णाच्या मेंदूत सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, ते आता पेट तपासणीने जिवंतपणीच दिसू शकतात.

परंतु संभव म्हणजे निवाडा नव्हे. कित्येकांचे विस्मरण वर्षानुवर्षे तेवढेच राहते, काहींचे सुधारतेही. थायरॉइडचा विकार, बी-१२ची उणीव किंवा खिन्नता यांमुळेही माणूस विसरतो. त्यांवर उपचार आहेत.

मी म्हणालो, "गुरुजी, डॉक्टरांना सारे विचारा. घरच्यांपासून काही लपवू नका. मृत्युपत्र आणि बँकेची कामे आताच उरका."

ते क्षणभर थांबले. "आणि प्रार्थनाच विसरलो तर?"

"आपण शिकविलेली मुले शेजारी बसून ती म्हणतील," मी म्हणालो.