तळे भरलेलेच होते

गेल्या पावसाळ्यात माझ्या हातून घडलेली एक चूक अजून मनातून जात नाही. ती इथे लिहून ठेवावी असे वाटते.

भांडुप पश्चिमेच्या डोंगरउतारावरील वस्तीत कोकणातून, घाटावरून आलेल्या काही वृद्ध स्त्रिया आहेत. जाते केव्हाच सुटले, ओव्या मात्र ओठांवर राहिल्या. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पाने खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या आणि 2017 पासून ‘पारी’ने त्या महाजालावर आणल्या, हे मी वर्गात सांगत होते. तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, “मग आपल्या दारातल्या ओव्यांचं काय?” त्या प्रश्नातून आमचा लहानसा संग्रह सुरू झाला.

एका माजी विद्यार्थ्याने विभागातल्या जुन्या संगणकावर त्याची मांडणी करून दिली. डॉकरचे तीन कंटेनर: दाराशी प्रॉक्सी, मधे अनुप्रयोग, आत डेटाबेस. बाहेरच्या जगाला फक्त प्रॉक्सी दिसते. डेटाबेसचे दार आतल्या जाळ्यातच उघडते. माझा गोंधळ पाहून तो म्हणाला, “मॅडम, आपलं भांडुप कॉम्प्लेक्स डोळ्यांसमोर आणा. पाणी वैतरणेला साठतं, इथं शुद्ध होतं, मग नळाला येतं. कंटेनर मोडून पुन्हा उभा करता येतो. साठा वेगळ्या व्हॉल्यूममध्ये असतो, तो तेवढा जपा.”

एका संध्याकाळी वीज जाऊन आली आणि पडद्यावर ‘502’ हा आकडा उमटला. घाबरून मी कुठूनशी मिळालेली आज्ञा टंकली. सगळे कंटेनर बंद झाले, पुन्हा सुरूही झाले. संकेतस्थळ उघडले, पण आत एकही ओवी नव्हती. त्या आज्ञेच्या शेवटी ‘व्ही’ हे एकच अक्षर जोडलेले होते. कंटेनरांबरोबर व्हॉल्यूमही पुसून टाक, असा त्याचा अर्थ. एका मात्रेने अर्थ कसा फिरतो, हे वीस वर्षे शिकवणाऱ्या मला ते अक्षर दिसले नाही.

मूळ बिघाड किरकोळ होता. डेटाबेस पुरता जागा होण्याआधीच अनुप्रयोग सुरू झाला, जोडणी न मिळाल्याने बंद पडला आणि प्रॉक्सीला आतून उत्तर मिळेना. 502चा अर्थ एवढाच. 18 जुलै 2021 रोजी अतिवृष्टीचे पाणी भांडुप संकुलातच शिरले, यंत्रणा बंद पडली आणि भर पावसात मुंबईचे नळ कोरडे राहिले. त्या दिवशी धरणांकडे कुणी बोट दाखवले नव्हते. मी मात्र बंद पडलेल्या पंपासाठी तळेच उपसून टाकले.

बऱ्याच ओव्या विद्यार्थ्यांच्या वह्यांतून पुन्हा उतरवता आल्या. एका आजींच्या ओव्या मात्र त्या म्हणत असतानाच थेट संगणकावर टंकल्या होत्या. वही नव्हती, ध्वनिमुद्रणही नव्हते. दरम्यान आजी वारल्या. टंकणाऱ्या मुलीला त्यांतली एक ओवी अर्धी आठवते. उरलेली अर्धी मी तिला विचारत नाही.

आता डेटाबेस तयार झाल्याची खूण मिळाल्यावाचून अनुप्रयोग सुरू होत नाही. रोज रात्री साठ्याची प्रत दुसऱ्या संगणकावर जाते. प्रत असणे आणि ती उघडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही कळले. म्हणून महिन्यातून एकदा रिकाम्या डेटाबेसात ती प्रत भरते आणि ओव्या मोजते. त्या आजींच्या नावापुढे शून्य येते. ते नाव मी काढलेले नाही.