यादीतले नाव

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकाविषयी लिहावे, याचे मित्रहो, तुम्हाला नवल वाटेल. पण प्रसंगच तसा ओढवला.

हुबळीच्या दुर्गदबैलात आमचे छोटेसे किराणा दुकान आहे. घरात मराठी, गल्ल्यावर कन्नड आणि हिशेब टॅलीत, असा आमचा कारभार. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार थांबवला. दुकानातल्या जुन्या यंत्रावर विंडोज ११ चालणार नव्हते. मी ऐटीत म्हणालो, "बाबा, लिनक्स घालू. इंटरनेट त्यावर, आणि टॅलीपुरते विंडोज शेजारी राहू दे."

महिन्याच्या १८ तारखेला डेबियन बसवले. यंत्र पुन्हा सुरू केले, तर पडद्यावरच्या यादीत विंडोजचे नावच नाही! चार वर्षांची उधारी त्यात. दुसरी प्रत नाही. जीएसटीचे विवरण २० तारखेला भरायचे. बाबा रागावले नाहीत. नुसते शटर ओढून स्टुलावर बसले. ते रागावते तर बरे झाले असते.

विंडोज नव्याने घालावे म्हणून मी हात घातला, तोच समोरचे अण्णा आले. ते अभियांत्रिकीला आहेत. म्हणाले, "गाबरी आगबेडा." शब्द आपल्या 'घाबरू नको'चाच भाऊबंद, पण त्या क्षणी तो कन्नडात ऐकून धीर आला.

त्यांनी आधी डिस्क पाहिली. विंडोजचा भाग जागच्या जागी होता. नाहीशी झाली होती ती फक्त नोंद. यंत्र सुरू होताना 'ग्रब' नावाचा कार्यक्रम ही यादी दाखवतो. २०२१ च्या २.०६ आवृत्तीपासून तो सुरक्षिततेसाठी शेजारच्या प्रणालींचा शोध आपणहून घेत नाही. तो शोध घेणारा 'ओएस-प्रोबर' सुरू करावा लागतो, आणि घाईत मी तो केला नव्हता.

यादीच्या फाइलीतच नाव लिहावे, असे मी सुचवले. अण्णांनी तिचा माथा दाखवला: ही फाइल आपोआप तयार होते, हिच्यात बदल करू नका. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. हा तर ताळेबंद! ताळेबंदात कोणी खाडाखोड करते काय? रोजकीर्द दुरुस्त करायची आणि ताळेबंद नव्याने काढायचा. इथली रोजकीर्द म्हणजे 'ईटीसी'मधल्या 'डिफॉल्ट' कप्प्यातली 'ग्रब' ही फाइल. तिथे 'ओएस-प्रोबर बंद ठेव' या सूचनेपुढे 'फॉल्स' लिहिले आणि 'अपडेट-ग्रब' ही आज्ञा दिली. पडद्यावर ओळ उमटली: विंडोज बूट मॅनेजर सापडला. बाबा स्टुलावरून उठले.

शेवटची निवड लक्षात ठेवण्याची सूचनाही अण्णांनी लिहिली, म्हणजे बाबांना रोज बाण हलवायला नको. विवरण वेळेत गेले. त्याच रात्री मी टॅलीची प्रत पेन ड्राइव्हवर घेतली.

मराठी शाळेतून पी. यू. सी.ला आलो तेव्हा 'डेबिट-क्रेडिट' ऐकून वाटले होते, आपले शिकलेले सगळे पुसले गेले. बाबांच्या वहीतले 'नावे-जमा' ते हेच, हे कळायला सहा महिने लागले. तेही कुठे गेले नव्हते. यादीत दिसत नव्हते, इतकेच. यादीत नाव दिसले नाही, तर नव्याने सगळे घालण्याआधी एकदा आत डोकावून पाहावे. आणि शेजारच्या अण्णांना हाक मारावी.