म्हैस, कुत्रा आणि चादरीवाला

परवा संध्याकाळी आपल्या एसटी स्टँडमागे जे घडलं त्यावर ग्रुपवर बरंच लिहून झालंय. मी तिथे होतो, म्हणून लिहितो. जरा लांब आहे, वाचा.

अकरावी-बारावीला मी अनेक वर्षं तर्कशास्त्र शिकवलं. मुलं हा विषय घेतात तो 'सोपा आहे, मार्क मिळतात' म्हणून. पहिल्याच आठवड्यात फळ्यावर एक उदाहरण असायचं: सगळ्या कुत्र्यांना चार पाय असतात. म्हशीला चार पाय आहेत. म्हणून म्हैस कुत्रा आहे. वर्ग हसायचा. दोन्ही विधानं खरी, तरी निष्कर्ष खोटा. म्हणजे खोट विधानांत नाही, जोडणीत आहे. एवढं कळलं की अर्धा विषय झाला.

आता परवाचं. दूध आणायला निघालो होतो. पन्नासेक माणसांचा घोळका, मधे खांद्यावर गाठोडं घेतलेला चादरीवाला. त्याने एका पोराला बिस्किट दिलं होतं, बस्स. चार दिवसांपासून मेसेज फिरतच होता: मुलं पळवणारी टोळी आलीय, अनोळखी असतात, हिंदी बोलतात, खांद्याला पिशवी असते, मुलांना खाऊ देतात. हा अनोळखी. हिंदी बोलणारा. गाठोडं आहे. बिस्किट दिलं. सगळं जुळलं!

खोटं कशाला बोलू, क्षणभर माझ्याही मनात तेच आलं. मेसेज मलाही आला होता. मी पुढे पाठवला नाही, पण 'हे खोटं आहे' असंही कुठे लिहिलं नाही.

त्याची कॉलर धरणारा माझाच विद्यार्थी. मी म्हटलं, "अरे, मुलं पळवणारा अनोळखी असेल, मान्य. पण अनोळखी म्हणजे मुलं पळवणारा, हे कुठून आलं?" कोणी ऐकेना. मागून एक काका म्हणाले, "सर, विस्तवाशिवाय धूर निघतो का?"

या धुराच्या उदाहरणावर तर आपलं न्यायशास्त्र उभं आहे. डोंगरावर धूर दिसला, म्हणजे तिथे विस्तव आहे. हे अनुमान बरोबर. पण उलटं चालत नाही. विस्तव आहे म्हणून धूर असेलच असं नाही. तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा घ्या, विस्तव आहे, धूर नाही. धूर यायला लाकूड ओलं लागतं. आणि लांबून दिसलेलं धुकं धूर समजणं, हाही दोष जुन्या तर्कग्रंथांनी नोंदवून ठेवलाय. मोबाईलवरचा मेसेज धूर की धुकं, हे आधी बघायला नको का? पण कॉलर धरलेल्या माणसापुढे हे सगळं कधी सांगणार?

मग एकदम सुचलं ते विचारलं. "तुझा धाकटा भाऊ बंगळुरात आहे ना? कन्नड येतं त्याला? रूमवर जाताना पाठीला बॅग असते ना? रस्त्यातल्या लेकराला चॉकलेट दिलं तर तिथल्या लोकांनी काय समजायचं?"

हात सुटला नाही, पण सैल झाला. तोच युक्तिवाद, तीच जोडणी, फक्त माणूस बदलला. वर्गात आम्ही हेच करायचो: साचा तोच ठेवून निष्कर्ष उघड खोटा निघेल असं उदाहरण शोधायचं. तेवढ्यात कोणीतरी ११२ला फोन केला होता, गाडी आली.

धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला १ जुलै २०१८ रोजी गाडी वेळेत पोचली नाही. मंगळवेढ्याकडची नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, भिक्षा मागत फिरणारी. अशाच अफवेवरून ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारली. तिथेही 'सगळं जुळलं' होतं.

रात्री ग्रुपवर एकाने लिहिलं, "चोर असता तर पळाला असता. पळाला नाही, म्हणजे चोर नाही." भरपूर लाईक. गंमत म्हणजे ही जोडणी अगदी बरोबर आहे, फळ्यावर लिहावी अशी. कच्चं आहे ते पहिलं विधान. चोर पळतोच असं कोणी सांगितलं? आणि घाबरून तो पळाला असता तर? हेच लाईकवाले म्हणाले असते, "चोर पळतो, हा पळाला, म्हणून चोर." म्हणजे परत म्हैस कुत्रा. निष्कर्ष माझ्या सोयीचा होता म्हणून मीही त्याला अंगठा दिला होता; नंतर काढला.

चौकशी करून पोलिसांनी त्याला सोडलं. स्टँडवर बसून त्याने गाठोडं परत बांधलं, चादरी मोजल्या. दोन कमी भरल्या. एक निळी, एक चौकड्याची. ज्यांच्याकडे असतील त्यांनी माझ्या घरी आणून द्या, नाव विचारणार नाही. त्याचा नंबर घेऊन ठेवलाय.