पोलांकोतील दुपारचे जेवण

मेक्सिको सिटीत राहणाऱ्या आमच्या चिरंजीवांनी ‘पुहोल’ या उपाहारगृहात चौघांसाठी जागा राखून ठेवल्याचे सांगितले, तेव्हा आमच्या सौ.नी एकच प्रश्न विचारला, “किती वाजता?”

मुलगा हसला. “आई, दुपारी दीडची वेळ घेतली आहे. सूर्यास्ताच्या आत आपण घरी असू.”

सौ.चे रात्रिभोजनत्यागाचे व्रत गेली एकतीस वर्षे अखंड चालू आहे. परदेशात ते पाळणे कठीण जाईल, अशी आम्हांस धास्ती होती. परंतु मेक्सिकोची रीत या बाबतीत आपल्याला अनुकूल निघाली. तेथे दिवसाचे मुख्य जेवण ‘कोमिदा’ म्हणजे दुपारचे जेवण. ते दोन ते चारच्या सुमारास निवांतपणे होते आणि रात्रीचे खाणे हलके असते. निम्मा प्रश्न असा तेथील चालीरीतीनेच सोडवला. उरलेला निम्मा ताटातला होता.

वाचकांपैकी अनेकांची मुले-मुली आज परदेशात आहेत. म्हणून त्या एका दुपारची हकीकत, तिच्यात माझा कमीपणा दिसत असला तरी, जशी घडली तशी सांगतो.

मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे २२४० मीटर उंचीवर वसलेले आहे. पहिले दोन दिवस जिना चढतानाही दम लागला. तिसऱ्या दिवशी मुलाने आम्हांला ‘ला मेर्सेद’ या जुन्या मोठ्या बाजारात नेले आणि तेथे माझा दम एकदम परत आला. मिरच्यांच्या पोत्यांच्या ओळीच्या ओळी! आमच्या आजोबांची गडहिंग्लजला मिरचीची आडत होती. संकेश्वरी आणि ब्याडगी यांच्या वासात माझे बालपण गेले. येथे तोच खवखवणारा वास होता, फक्त नावे वेगळी. त्यांची एक पद्धत मला व्यापाऱ्याच्या नातवाला साजेशी वाटली. ओली मिरची वाळली की तिचे नावच बदलते. पोब्लानो वाळली की आंचो होते, हालापेन्यो पिकवून धुरावर वाळवली की चिपोत्ले. जणू नव्या भावाला नवे खाते!

आपण मिरचीला आपली म्हणतो, पण तिचे माहेर अमेरिका खंडात आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ती गोव्याच्या किनाऱ्यावर आणली आणि तेथून ती घाटावर चढली. त्यापूर्वी आपल्याकडे तिखटपणा मिऱ्यांचा होता. मका, टोमॅटो, पपई, पेरू, सीताफळ हीसुद्धा त्याच खंडाची देणगी. चिकूचे तर नावही तेथून आले आहे, तेथे त्याला ‘चिकोसापोते’ म्हणतात. सौ. म्हणाल्या, “म्हणजे आपण परक्या मुलखात आलोच नाही. स्वयंपाकघराच्या आजोळी आलो.”

पोलांको ही शहरातील श्रीमंत वस्ती. येथील रस्त्यांना लेखक-विचारवंतांची नावे दिली आहेत. होमर, होरेस, डिकन्स यांना ओलांडीत आम्ही कवी टेनिसनच्या रस्त्यावर आलो. पुहोल तेथेच आहे. बाहेर झगमगाट नाही, आत लाकूड, दगड, झाडे आणि भरपूर उजेड. बल्लवाचार्य एन्रिके ओल्वेरा यांनी २००० साली ते सुरू केले आणि २०१७ मध्ये ते या जागी हलवले. त्यांचे शिक्षण अमेरिकेतील पाककला संस्थेत झाले. परंतु त्यांचे नाव झाले ते रस्त्यावरचे कणीस, तव्यावरची तोर्तिया, आजीचा मोले असे घरचेच पदार्थ मानाने पानात वाढल्यामुळे. २०१० मध्ये युनेस्कोने पारंपरिक मेक्सिकन पाककलेला मानवतेचा अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिली. २०२४ मध्ये मिशलॅन मार्गदर्शिकेने प्रथमच मेक्सिकोची दखल घेतली, तेव्हा पुहोलला दोन तारे मिळाले.

जेवणाच्या दराविषयी बँकेचा माणूस गप्प बसू शकत नाही. एका माणसाच्या जेवणाला आपल्याकडील मध्यम कुटुंबाच्या महिन्याच्या किराण्याइतके पैसे पडतात. मुलाने रक्कम सांगितली नाही, परंतु मी ती आधीच शोधून काढली होती. ते पैसे त्याने आमच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसासाठी वर्षभर बाजूला टाकले होते, असे सूनबाईंकडून कळले. तेव्हा हिशेब मिटवून टाकला.

आसनस्थ होताच वाढपी तरुण अदबीने म्हणाला, “आपल्यापैकी कोणाला काही वर्ज्य आहे का?”

मुलगा चटकन उत्तरला, “आम्ही शाकाहारी आहोत. बस, तेवढेच.”

त्या ‘तेवढेच’ शब्दावर मी अडलो. माझ्या खिशात एक कार्ड होते. निघण्यापूर्वी मी त्यावर स्पॅनिश वाक्ये देवनागरीत लिहून घेतली होती. ‘नो कोमो कार्ने’, मी मांस खात नाही. ‘सिन वेवो’, अंड्याविना. ‘सिन सेबोया, सिन आहो’, कांदा-लसणाविना. ‘सिन मांतेका’, चरबीविना, कारण तेथे घेवड्याच्या भाजीत डुकराची चरबी सर्रास घालतात. ‘सिन मिएल’, मधाविना. बाजारात ते कार्ड मी धिटाईने दाखवीत होतो. परंतु या भारदस्त दालनात, पांढऱ्या ताटांसमोर, मुलाच्या मानाच्या जागी, ते बाहेर काढण्यास हात धजेना. आपली यादी लांबलचक आहे, लोक काय म्हणतील, मुलाला ओशाळे वाटेल, असे सारे विचार क्षणात येऊन गेले.

सौ.नी माझ्याकडे पाहिले. काही बोलल्या नाहीत. पाण्याचा पेला बाजूला सरकवून त्या शांत बसून राहिल्या. आपल्याला काहीच मिळाले नाही तरी चालेल, पण न विचारता घास घ्यायचा नाही, हे त्यांच्या बसण्यातच होते.

मी कार्ड काढले.

त्या तरुणाने ते उच्चार ऐकून घेतले. मला वाटले होते, तो हसेल. त्याने वही काढली. कांदा का नाही, बटाटा चालतो का, कंदांपैकी आणखी काय टाळता, अळंबी चालते का, आंबवलेले चालते का, असे एकेक विचारीत गेला. मी सांगितले, “जमिनीखालचे उपटताना त्यातील व त्याभोवतीचे असंख्य जीव मरतात, म्हणून.” तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “मग आमच्या कणसाविषयी आपणांस आधीच सांगितले पाहिजे.”

पुहोलचा प्रसिद्ध आरंभ म्हणजे पोकळ भोपळ्यातून धुरासह येणारी कोवळी कणसे. त्यांना लावलेल्या मिश्रणात चिकाताना नावाच्या मुंग्यांची भुकटी असते. ओआहाका प्रांतात पहिल्या पावसानंतर या पंखवाल्या मुंग्या बाहेर पडतात, लोक त्या पकडून भाजतात. केवळ ‘शाकाहारी’ म्हणून आपण थांबलो असतो, तर हा प्रश्न सुटला असता की नाही, ते ठाऊक नाही. मात्र सांगितल्यामुळे आमच्यासमोर नुसती वाफवलेली कणसे, मीठ आणि लिंबू आले. त्यांची गोडी मी विसरणार नाही.

पुढे नोपाल आला, म्हणजे निवडुंगाची काटे काढलेली पाने, किंचित आंबट, आपल्या अंबाडीची आठवण देणारी. मग अव्होकाडो आणि हिरवे टोमॅटो. आणि प्रत्येक वेळी फडक्यात गुंडाळलेल्या गरम तोर्तिया. त्यांची कृती ऐकून सौ. फार रमल्या. मका चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर भिजवतात, टरफले धुऊन काढतात आणि मग दळतात. हजारो वर्षांची ही रीत आहे. चुन्यामुळे पीठ एकजीव होते आणि मक्यातील दडलेले पोषक सत्त्व शरीराला मिळते. पूर्वी हे दळण पाट्यासारख्या दगडावर होई, त्याला मेताते म्हणतात. भाजण्याच्या तव्याला कोमाल. रात्रभर भिजवण्याचा मुद्दा ऐकून सौ. जरा विचारात पडल्या. परंतु ते धान्य भिजवणे आहे, शिजवलेले शिळे अन्न नव्हे, असा निर्णय त्यांनी स्वतःच दिला. या खात्यात मी अपील करीत नाही.

नंतर मोलेची वेळ आली. पुहोलचे नाव जगभर झाले ते या ताटामुळे. मोले म्हणजे मिरच्या, सुकामेवा, मसाले, फळे अशा कितीतरी जिनसांचे दाट वाटण. येथे ताटात दुसरे काहीच नसते. बाहेर काळपट तपकिरी वर्तुळ, ते जुन्या मोलेचे. मध्ये लालसर ठिपका, तो ताज्या मोलेचा. जुन्याला ‘मोले माद्रे’ म्हणजे आई-मोले म्हणतात. त्यात रोज नवी भर घालून, रोज गरम करून, तो हजारो दिवस जिवंत ठेवलेला आहे.

वाढपी म्हणाला, “आपल्या दोघांसाठी हे येणार नाही. मोलेत कांदा-लसूण असतो आणि हा तर वर्षांचा आहे. परंतु टेबलावर हे ताट यायला हवे, असे आम्हांला वाटते. आणखी कोणाला आणू?”

मुलगा हलक्या आवाजात म्हणाला, “मला चालेल.” मग माझ्याकडे न पाहता, “बाबा, मला कांदा-लसूण चालतो. होस्टेलपासून.”

होस्टेलला चौदा वर्षे झाली होती. चौदा वर्षे तो सुट्टीत घरी येऊन आमच्या पंगतीत बसत होता आणि आम्ही समजत होतो, तो येथेही तसाच जेवतो.

ताट आले. सौ.नी त्या दोन वर्तुळांकडे बराच वेळ पाहिले. “विरजणासारखं आहे,” त्या म्हणाल्या. “कालच्यातलं आज थोडं. करणाऱ्याची चिकाटी मोठी.” मग मुलाला म्हणाल्या, “आपल्या दृष्टीने ते शिळं, मी खाणार नाही. तू निवलेलं खाऊ नकोस, गरम आहे तोवर खा.” त्याने तोर्तियाचा तुकडा मोडला. त्याचा हात किंचित कापत होता, हे मी पाहिले.

जेवणानंतर आम्ही चालत चापुल्तेपेक उद्यानाकडे गेलो. १९६४ मध्ये उघडलेले मानववंशशास्त्र संग्रहालय तेथे आहे आणि त्याच्या कडेने जाणाऱ्या रस्त्याला महात्मा गांधींचे नाव आहे. तो फलक वाचून मी थबकलो. विलायतेस निघण्यापूर्वी मोहनदासांना मद्य, मांस आणि परस्त्रीसंगाच्या त्यागाची प्रतिज्ञा बेचरजी स्वामी या जैन साधूंनी दिली होती, हे आपणांस ठाऊकच आहे. लंडनमध्ये एका मित्राने त्यांना होबर्न येथील मोठ्या उपाहारगृहात नेले. सूप समोर येताच, ते शाकाहारी आहे का, हे विचारण्यासाठी त्यांनी वाढप्याला बोलावले. मित्र संतापला, बाहेर जा म्हणाला. ते बाहेर गेले आणि त्या रात्री उपाशी राहिले. आत्मकथेत त्यांनी हे लिहिले आहे.

त्या रस्त्यावरील बाकावर बसून, मुलगा आणि सून समोर असताना, सदतीस वर्षांपूर्वीची गोष्ट मी प्रथमच सांगितली. एका तालुक्याच्या गावी मी शाखाधिकारी होतो. एका मोठ्या खातेदाराने रात्री जेवायला बोलावले. मी रात्री जेवत नाही, हे सांगण्याची मला लाज वाटली. वसुलीचे काम होते, माणूस दुखावू नये, असे मनाला समजावले. समोर आले ते सर्व खाल्ले, काय आहे ते न विचारता. घरी येऊन सौ.ना म्हणालो, “नुसता चहा घेतला.”

सौ. थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “काय खाल्लंत ते मला कळलं नव्हतं. पण त्या रात्री तुम्ही माझ्याकडे बघून बोलला नाहीत, एवढं आठवतं.”

मुलाने विचारले, “मग आज मला काही बोलला का नाहीत?”

मी म्हणालो, “तू चौदा वर्षांनी सांगितलंस. मला सदतीस लागली.”

तो हसला आणि मग बराच वेळ झाडांकडे पाहत राहिला. सूनबाईंनी सौ.चा हात धरला. सूर्य अजून वर होता. घरी पोहोचून सौ.नी बाजारातून आणलेल्या तोर्तिया तव्यावर गरम केल्या, हिरव्या मिरचीचा बिनलसणाचा ठेचा केला आणि सूर्यास्तापूर्वी आम्ही चौघे एकत्र बसलो. मुलालाही तेच वाढले. त्याने वेगळे काही मागितले नाही, आम्हीही काही सुचवले नाही.

तिकडे जाणाऱ्यांसाठी दोन सूचना. गाडीवर तिखट-लिंबू लावून मिळणारी पांढरी कुरकुरीत फोड हिकामा या कंदाची असते. ‘साल दे गुसानो’ हे लालसर मीठ अळ्या वाटून केलेले असते, ते संत्र्याच्या फोडीवर भुरभुरतात. ‘वितलाकोचे’ ही कणसावरची बुरशी आहे. दिसायला सारे निष्पाप असते. म्हणून विचारावे. विचारल्याने तेथे कोणी रागावले नाही. उलट, आम्ही काय खात नाही हे ऐकताना लोकांनी आम्ही कोण आहोत, हेही आस्थेने विचारले.

माझे कार्ड मी परत आणले नाही. मुलाच्या फ्रिजवर लावून आलो. तो ते वापरतो का, हे मी विचारलेले नाही. मात्र त्याने कधी काही सांगितले, तर मध्ये न बोलता ऐकून घ्यायचे, एवढे मी ठरवले आहे.