सायखेड्याहून ऐन वेळीं

सायखेडा हें गांव गोदावरीच्या कांठीं वसलेलें आहे. आगगाडीच्या कांठीं नव्हे. निफाड तालुक्यांतील या गांवास बाजारपेठ आहे, कांद्याचा व भाजीपाल्याचा व्यापार आहे, शाळा आहेत. परंतु रूळ नाहींत. पलीकडच्या तीरावर चांदोरी, चांदोरीस नाशिकहून निफाडकडे जाणारा हमरस्ता, आणि त्याच्याही पलीकडे खेरवाडी, कसबे सुकेणें, निफाड अशीं मध्य रेल्वेचीं लहान स्थानकें. तेव्हां आमच्या गांवच्या मनुष्यास गाडी गांठावयाची म्हणजे आधीं नदी ओलांडून जावें, किंवा बसनें नाशिकरोडची वाट धरावी. २०१६ व २०१९ या दोन्ही वर्षीं ऑगस्टांत गोदावरी पुलावरून वाहूं लागली, तेव्हां हांकेच्या अंतरावरील चांदोरी आम्हांस परदेशासारखी झाली होती.

असल्या गांवांतून सणासुदीच्या गर्दींत, आणि तेंही अगदीं ऐन वेळीं, परवडेल अशा खर्चांत मुंबईकडे कसें जावें, हा प्रश्न पुष्कळ घरांत पडतो. त्यावर जाणते लोक एकच उत्तर देतात, ‘आधीं आरक्षण करावयास हवें होतें.’ उत्तर बिनचूक आहे, पण निरुपयोगी आहे. आगाऊ आरक्षणाची मुदत पूर्वीं १२० दिवसांची होती, ती १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवसांची झाली. एकत्र कुटुंबांतील निम्मे प्रवास मात्र साठ काय, सहा दिवसही आधीं कळवून येत नाहींत. कोणाचें बाळंतपण अडतें, कोणी पडतें, कोणाच्या घरीं सुतक येतें. अशा वेळीं निघणाऱ्यास आळशी म्हणणें हा अन्याय आहे.

रेल्वेनें अशांसाठीं १९९७ सालीं ‘तत्काल’ नांवाची सोय काढली. जन्मभर संस्कृत शिकविलेल्या मास्तरास या नांवाचें हसूं येतें. तत्काल म्हणजे तोच क्षण; आणि हें तिकीट तर आदल्या दिवशीं काढावें लागतें! वातानुकूलित वर्गाचें सकाळीं १० वाजतां आणि इतर वर्गांचें ११ वाजतां खुलें होतें, आणि सणाच्या दिवसांत कांहीं मिनिटांतच संपतें. १ जुलै २०२५ पासून संगणकावरून हें तिकीट काढणाऱ्यास आधारची पडताळणी करून घ्यावी लागते, व पहिला अर्धा तास दलालांस मज्जाव असतो. त्यामुळें साध्या माणसाचा नंबर लागण्याची आशा थोडी वाढली आहे. एक गोष्ट मात्र पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. हा ‘आदला दिवस’ आपल्या स्थानकाचा नसून गाडी जेथून निघते तेथला असतो. उत्तरेकडून निघून दुसऱ्या दिवशीं नाशिकरोडास येणाऱ्या गाडीचें तत्काल आपल्या प्रवासाच्या दोन दिवस आधींच उघडून गेलेलें असतें. खर्चाच्या दृष्टीनें बसण्याचा दुसरा वर्ग उत्तम. त्याचा जादा आकार १० ते १५ रुपये, आणि शयनवर्गाचा मात्र १०० ते २०० रुपये. शिवाय पक्कें झालेलें तत्काल तिकीट रद्द केल्यास दमडीही परत मिळत नाहीं, हें घरच्या मुलांस बजावून ठेवावें.

दुसरी खुबी प्रतीक्षा-यादीची. लांब पल्ल्याच्या गाडींत मधल्या स्थानकाहून मधल्याच स्थानकापर्यंतचें तिकीट काढलें तर बहुधा ‘पूल’ कोट्यांतील क्रमांक मिळतो, आणि तो कोटा लहान असल्यामुळें पुढें सरकतां सरकत नाहीं. उलट गाडीच्या मूळ स्थानकापासूनचा क्रमांक लवकर पुढें जातो. म्हणून १ नोव्हेंबर १९७५ पासून चालणाऱ्या पंचवटी एक्सप्रेसचें तिकीट मनमाडपासून काढून चढण्याचें ठिकाण नाशिकरोड असें नोंदविणारे लोक आमच्याकडे आहेत. दोन पैसे जास्त पडतात, पण जागेची शक्यता वाढते. यादींतच अडकलेलें संगणकावरचें तिकीट आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात. खिडकीवर काढलेलें तिकीट स्वतः जाऊन परत करावें लागतें, आणि तें हातांत आहे म्हणून आरक्षित डब्यांत शिरतां येत नाहीं.

तिसरी वाट सर्वांत कमी माहितीची. यादी अखेरची तयार झाल्यावर ज्या जागा रिकाम्या राहतात त्या गाडी सुटण्याच्या थोडें आधींपर्यंत नेहमींच्या दरानें, तत्कालचा आकार न देतां मिळतात. पूर्वीं ही यादी गाडीच्या चार तास आधीं लागे. जुलै २०२५ मध्यें ती आठ तास आधीं लावण्यास प्रारंभ झाला, आणि दुपारीं दोनच्या आंत सुटणाऱ्या गाड्यांची तर तेव्हां आदल्या रात्रीं नऊ वाजतां लागे. आदल्या रात्रीं जो जागा राहतो, त्याला कधीं कधीं जागा मिळते.

या साऱ्या विद्येची परीक्षा गेल्या म्हणजे २०२५ च्या दिवाळींत आमच्या घरीं झाली. माझी थोरली बहीण कल्याणास असते. दरवर्षीं भाऊबीजेस तीच माहेरीं येते. यंदा पाडव्याच्या सायंकाळीं, दिवे लावतां लावतां तिच्या सुनेचा फोन आला कीं सासूबाई न्हाणीघरांत घसरल्या, हाड मोडलें नाहीं, परंतु डॉक्टरांनीं पंधरा दिवस जिना उतरूं नये असें सांगितलें आहे. मागून आक्काचाच आवाज आला, ‘बाळला म्हणावें, धांवपळ करूं नकोस. मी चंद्राला ओंवाळीन.’ भाऊ नसलेल्या बाईनें चंद्रास ओंवाळावें, ही आपल्याकडील जुनी रीत. सदुसष्ट वर्षांचा भाऊ हातीं पायीं धड असतां तिनें चंद्राला ओंवाळावें, हें मला ऐकवेना.

तत्कालची वेळ सकाळींच टळलेली होती. पुतण्या रात्रीं नऊपासून पंचवटीच्या यादीकडे डोळे लावून बसला. एकही जागा निघाली नाहीं. तो म्हणाला, “काका, साध्या डब्यांतून उभे राहून जाल का?” माझ्या आधींच वहिनी स्वयंपाकघरांतून म्हणाल्या, “भाऊजींनीं उभें राहून जायचं कारण नाहीं. तुकड्यातुकड्यांनीं जा, म्हणजे बसून जाल.” त्यांचें माहेर इगतपुरीचें. त्या भागांतील माणसांना ही गोष्ट कोणी शिकवावी लागत नाहीं.

तुकडे असे. पहिल्या एस.टी.नें नाशिक, तेथून मुंबईच्या वाटेवर उभ्या असणाऱ्या, माणशीं भाडें घेणाऱ्या जीपनें घाट उतरून कसारा, आणि कसाऱ्याहून मुंबईची लोकल. कसारा हें उपनगरी गाड्यांचें शेवटचें स्थानक, मुंबईपासून १२१ किलोमीटर. लोकल तेथूनच निघते, म्हणून जो वेळेवर पोंचतो त्यास हवी ती खिडकी मिळते. तिला आरक्षण नाहीं, यादी नाहीं, तत्काल नाहीं. आणि पार मुंबईपर्यंतचें दुसऱ्या वर्गाचें तिकीट पन्नास रुपयांच्या आंत. जीपवाला मात्र सणाच्या दिवशीं तोंडाला येईल तें भाडें सांगतो. बसण्यापूर्वींच आंकडा ठरवून घ्यावा, आणि दहा माणसें कोंबणाऱ्या गाडींत पैसे वाचले तरी बसूं नये. घाट तो घाटच आहे.

या घाटाविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून पुढें जाववत नाहीं. कसारा ते इगतपुरी हा थळघाटांतील लोहमार्ग १ जानेवारी १८६५ रोजीं खुला झाला. ३७ फुटांस एक फूट असा त्याचा चढ. आजही वर जाणाऱ्या गाडीस मागून जादा इंजिनें लावून ढकलावें लागतें. लोकल कसाऱ्यालाच कां थांबते, याचें उत्तर या चढांत आहे. घाटाच्या वर लोकल आली असती तर नाशिकच्या माणसाची निम्मी विवंचना संपली असती.

खर्चाचा हिशेब करतांना वयाचाही हिशेब करावा लागतो. रेल्वेंत साठी ओलांडलेल्या पुरुषांस ४० टक्के व अठ्ठावन्न ओलांडलेल्या स्त्रियांस ५० टक्के सवलत असे. ती मार्च २०२० मध्यें बंद झाली, ती पुन्हां सुरू झालेली नाहीं. उलट एस.टी.नें ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या वरच्यांस राज्यांत फुकट नेण्यास आरंभ केला, आणि मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांस अर्धें तिकीट केलें. पासष्टीनंतर मलाही अर्धेंच पडतें. म्हणून ज्या घरांत आजी, सून व नात अशा तिघी निघावयाच्या आहेत, त्यांनीं आगगाडीच्या मागें न लागतां आधीं एस.टी.चा दर विचारावा.

गरिबाचा खरा आधार मात्र साधा डबाच. १९१७ सालीं गांधीजींनीं तिसऱ्या वर्गाच्या हालांविषयीं वृत्तपत्रांस पत्र लिहिलें होतें. तिसरा वर्ग १९७४ सालीं नांवानें गेला, गर्दी गेली नाहीं. जपानांत नोझोमी या वेगवान गाडीचे कांहीं डबे नेहमीं अनारक्षित असतात. २०२३ च्या अखेरीपासून मोठ्या सुट्यांच्या दिवसांत ती सर्वस्वीं आरक्षित करतात, आणि तरीही आरक्षण नसलेल्यास दाराजवळ उभें राहून जाऊं देतात. आपल्याकडे हें उभें राहणें जिवावर बेततें. २७ ऑक्टोबर २०२४ रोजीं, दिवाळीच्या तोंडावर, वांद्रे टर्मिनसवर गोरखपूरच्या अनारक्षित गाडींत शिरतांना चेंगराचेंगरी होऊन माणसें जखमी झालीं. सणाच्या गाड्यांना साधे डबे वाढवावे, ही मागणी मला चैनीची वाटत नाहीं.

मी कसाऱ्यास पोंचलों तेव्हां लोकल फलाटावर उभी होती. सव्वा तासांत कल्याण आलें. आक्का पलंगावर टेकून बसली होती, तबक शेजारीं तयार होतें. नातीनें तें धरलें आणि आक्कानें बसल्या बसल्या ओंवाळलें. “कसा रे आलास?” एवढेंच तिनें विचारलें, आणि उत्तर ऐकण्याआधींच सुनेस चहा टाकावयास सांगितलें.

परत येण्यास कांहीं युक्ति लागली नाहीं. सुटी संपतांना गर्दीचा ओघ मुंबईकडे असतो. रविवारीं दुपारीं नाशिककडे येणाऱ्या गाडीच्या साध्या डब्यांत मला कल्याणापासून बसावयास मिळालें. समोरच्या रुळावरून मुंबईकडे जाणाऱ्या गाडीच्या दारांत माणसें लटकत होतीं. ज्यांना सोमवारीं कचेरींत हजर व्हावयाचें आहे त्यांनीं शक्य तर रविवारची सायंकाळ टाळून शनिवारीं रात्रीं किंवा रविवारीं पहांटेंच निघावें. आमच्या घरचीं मुलें आतां तसेंच करतात, आणि वहिनी त्यांच्यासाठीं रविवारचें जेवण शनिवारींच करून मोकळ्या होतात.