फाटकाबाहेरची टाळी

2009 च्या ऑगस्टमध्ये नवऱ्याच्या संशोधनाच्या निमित्तानं आम्ही यूटा राज्यातल्या प्रोव्हो गावी गेलो आणि एका घराच्या तळघरात भाड्यानं राहू लागलो. वर घरमालकीण, तिचा नवरा आणि चार मुलं. थोरला एकोणीस वर्षांचा. आम्ही खाली सामान लावत होतो तेव्हा वर त्याची बांधाबांध चालली होती. दहा पांढरे शर्ट, दोन सूट, जाड तळव्यांचे काळे बूट. दोन वर्षं टिकायला हवेत, असं त्याची आई म्हणाली. मुलगा मिशनवर निघाला होता. कुठं जायचं हे त्यानं निवडलेलं नव्हतं. सॉल्ट लेक सिटीहून चर्चचं पत्र आलं, ते सगळ्या घरानं मिळून उघडलं, आणि त्यात लिहिलं होतं : ब्राझील, रेसिफे. भाषा पोर्तुगीज.

मी भाषांतरं करते हे कळल्यावर तिला फार आनंद झाला. त्यांचा धर्मग्रंथ, म्हणजे 1830 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या पल्मायरा गावी छापलेलं 'बुक ऑफ मॉर्मन', जोसेफ स्मिथनं सोन्याच्या पत्र्यांवरून भाषांतरित केलं अशी त्यांची श्रद्धा. "म्हणजे आमच्या धर्माची सुरुवातच तुझ्या धंद्यातल्या माणसानं केली," ती म्हणाली. मी हसले, पण ते वाक्य लक्षात राहिलं. दुसऱ्याचे शब्द आपल्या तोंडून खरे वाटतील असे म्हणायचे, हेच तर तिच्या मुलालाही करायचं होतं.

परदेशी भाषा शिकवून तरुण मिशनऱ्यांना तयार करणारं केंद्र प्रोव्होमध्येच आहे, आमच्या घरापासून गाडीनं दहा मिनिटांवर. आईनं त्याला तिथल्या फुटपाथपाशी सोडलं, मिठी मारली आणि परत फिरली. पुढचे दोन महिने तो दहा मिनिटांवर होता, पण भेट नाही, फोन नाही. ती बाजाराला जाताना लांबचा रस्ता घ्यायची. जवळच्या रस्त्यानं गेलं की ती इमारत दिसायची.

त्या दिवसापासून तो नावानं उरला नाही. छातीवर काळी पट्टी, तीवर आडनाव आणि त्याआधी 'एल्डर'. एल्डर म्हणजे ज्येष्ठ, वडीलधारा. एकोणीस वर्षांच्या, अजून धड दाढी न आलेल्या पोराला वडीलधारा म्हणायचं हे मला कितीतरी दिवस जमलं नाही.

दिवस आखलेला असे. साडेसहाला उठायचं, व्यायाम, न्याहारी, मग आधी एकट्यानं आणि नंतर जोडीदाराबरोबर ग्रंथवाचन, दहाच्या सुमाराला बाहेर. रात्री साडेदहाला दिवा बंद. टीव्ही नाही, सिनेमा नाही, मैत्रीण नाही. आठवड्यातून एक दिवस कपडे धुवायला, बाजारहाटाला आणि घरी ईमेल लिहायला मोकळा. घरी फोन वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मातृदिनाला. (2019 पासून आठवड्याला फोन करू देतात, 2012 पासून मुलगे अठराव्या वर्षीच जाऊ शकतात.) आणि सोबती कायमचा. चर्चनं नेमून दिलेला जोडीदार, ज्याला सोडून न्हाणीघरापलीकडे कुठं एकट्यानं जायचं नाही. काही आठवड्यांनी बदलीची यादी निघणार, मग दुसरा जोडीदार, कदाचित दुसरं गाव. या सगळ्याचा पगार नाही. उलट घरचेच महिन्याला चारशे डॉलर भरत.

'पगार' हा शब्द मुळात पोर्तुगीजच, हे मी तिला सांगितलं. एम.ए.ला असताना मी वर्षभर पोर्तुगीज शिकले होते, मोडकंतोडकं वाचता येत असे. मग त्याचा ईमेल आला की ती मला वर बोलवू लागली. त्यात तो नवे शब्द लिही, आणि त्यातले कितीतरी माझ्या आजीच्या स्वयंपाकघरातले निघत. शर्ट तो 'बाल्दे'त भिजवत होता, म्हणजे बालदीत. खोलीची 'शावी' जोडीदाराकडे राहिली म्हणून दोघं दोन तास पायरीवर बसले होते, म्हणजे चावी. बटाटा तर बटाटाच. ती कौतुकानं वहीत लिहून घेई. गोव्याकडून आलेल्या शब्दांनी मला एका मॉर्मन आईच्या टेबलापाशी जागा मिळवून दिली होती.

रेसिफेत दाराला बेल नसली तर दार ठोठावत नाहीत, असं त्यानं लिहिलं होतं. फाटकाबाहेर उभं राहून टाळ्या वाजवायच्या. कुणी आलं तर बोलायचं, नाही आलं तर पुढचं फाटक.

ते वाचून मला माझे आजोबा आठवले. कोकणातून पुण्याला शिकायला आलेले, माधुकरी मागून शिकलेले. ते म्हणायचे, कडीच्या आवाजावरून कळतं, आत आपल्यासाठी काही आहे की नाही. आजोबा मागायला जात, हा मुलगा द्यायला जात होता. निदान त्याची तशी समजूत होती. पण बंद दारापुढे उभं राहणं सारखंच. 1850 च्या दशकात ह्यू फिन्डले नावाचा मॉर्मन प्रचारक मुंबईला उतरून पुण्यात राहिला होता, हेही मी तिथंच वाचलं. माझ्या पणज्याच्या आजोबांच्या पिढीनं त्याला दारातून काय उत्तर दिलं असेल, याचा अंदाज करायला कठीण नाही.

आणि मी स्वतः? प्रोव्होतही मिशनरी हिंडतात. नोव्हेंबरमध्ये, बर्फ पडत असताना, दोन मुलं आमच्या तळघराच्या पायऱ्या उतरून आली. मी दिवा मालवला आणि ओट्यामागे उभी राहिले. वर बसून एका मुलाची पत्रं कौतुकानं वाचायची आणि खाली दुसऱ्या दोघांना दार उघडायचं नाही. त्यांचे बूट पायरीवर बर्फ झटकत होते, तो आवाज मला अजून ऐकू येतो.

मिशन पुरं करून येणाऱ्या मुलाला आणायला सॉल्ट लेकच्या विमानतळावर सगळं कुटुंब फलक आणि फुगे घेऊन जातं. आमच्या वरचा मुलगा अकरा महिन्यांनी परत आला. फलक नव्हता. चर्चमध्ये 'तब्येत' एवढंच सांगितलं गेलं. लोक चांगले होते, दारात केक ठेवून जात. पण त्याच्याशी बोलताना त्यांचा आवाज खाली येई, आणि तो खोलीबाहेर येईनासा झाला.

एका संध्याकाळी आमच्या दाराबाहेर टाळ्या वाजल्या. तोच होता. हातात दोन पानं. पोर्तुगीज तपासून द्याल का, म्हणाला.

पत्र रेसिफेतल्या एका म्हातारीला होतं. तिला त्यांच्या धर्मात रस नव्हता, हे तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तरी कॉफी नको म्हणणाऱ्या या पोरांना ती सरबत देई. यांनी तिची कौलं सारखी केली, पाणी भरून दिलं. तिला वाचता येत नव्हतं. मुलगा साव पाउलोला कामाला. त्याची पत्रं येत, ती हा अडखळत वाचून दाखवी. दर आठवड्याला वरच्यांना आकडे कळवायचे असत : किती जणांशी बोललात, किती धडे दिलेत. म्हातारीच्या घरी घालवलेला वेळ कोणत्याच रकान्यात बसत नसे. परत पाठवताना त्याला तिचा निरोप घेता आला नव्हता.

पत्राच्या दुसऱ्या पानावर एक परिच्छेद होता. मॉर्मन माणूस साक्ष देताना 'माझा विश्वास आहे' म्हणत नाही, 'मला ठाऊक आहे' म्हणतो. केंद्रात पोर्तुगीजमधलं पहिलं वाक्य हेच शिकवलं होतं, त्यानं लिहिलं होतं, आणि ते मी शेकडो फाटकांवर म्हटलं. मग एक दिवस म्हणताना कळलं की मला ठाऊक नाही. ते जोडीदाराला सांगता येईना आणि एकट्यानं रडायला जागा नव्हती, म्हणून न्हाणीघरात नळ सोडून रडायचो. तुमच्या घरी मात्र मला काही ठाऊक असावं लागत नव्हतं.

मी पेन्सिल घेऊन चुका दाखवू लागले. क्रियापदं गडबडलेली, लिंगं उलटीसुलटी. त्यानं हळूच कागद ओढून घेतला. "एवढ्या चुका राहू देत. नाहीतर हे माझं आहे असं तिला वाटणार नाही."

"पण हे तिला वाचून कोण दाखवणार?"

"आमच्या खोलीत आता जे दोघं असतील ते."

"मग हा भाग त्यांनाही कळेल."

"तेही एकोणीस वर्षांचेच असतील," तो म्हणाला. "ऐकू दे."

जाताना मी त्याला नोव्हेंबरमधली गोष्ट सांगून टाकली. तो घरी आल्यापासून पहिल्यांदा हसला. "आम्हाला नेहमी कळतं. ब्राझीलमध्ये आतल्या टीव्हीचा आवाज हळू होतो."

दुसऱ्या दिवशी कपडे धुवायच्या खोलीत त्याची आई भेटली. पाकीट तिच्या हातात होतं. पोस्टात तीच टाकणार होती. ते चिकटवलेलं नव्हतं. तिनं पानं काढून माझ्यापुढे धरली. वर्षभर आम्ही त्याची पत्रं एकत्रच वाचत आलो होतो, त्यामुळे तिच्या विचारण्यात वावगं काही नव्हतं. "काय लिहिलंय गं त्यानं?"

मी पहिलं पान वाचून दाखवलं, अगदी शब्दशः. म्हातारीच्या गुडघ्याची चौकशी, कौलं गळतात का, मुलाची पत्रं आता कोण वाचतं. दुसरं पान मागे सरकवलं.

"आणि इथं?"

"तेच. तब्येतीला जपा वगैरे."

वीस वर्षं मी भाषांतर करते आहे. न कळलेला शब्द मी कधी गाळला नाही, लेखकाचं पटलं नाही म्हणून वाक्य बदललं नाही. पूर्ण कळलेला एक परिच्छेद अख्खा गाळला तो त्या दिवशी, त्या खोलीत. तो सांगायचा हक्क त्याचा आहे, असं तेव्हा वाटलं, आजही वाटतं. पण समोर जी उभी होती ती बाजाराला लांबच्या रस्त्यानं जाणारी बाई होती. तिलाही ते ऐकून कदाचित सुटल्यासारखं वाटलं असतं. ही शक्यता मी तिच्या वतीनं मिटवून टाकली.

तिनं माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं. शेवटच्या पानाची लांबी तिला दिसत होतीच. मग पानं नीट घडी करून आत घातली, पाकीट चिकटवलं आणि वर तिकिटं लावली. लागत होती त्यापेक्षा दोन जास्त.