साठ टक्के परका

मराठी माणूस दोन इच्छा घेऊन जन्माला येतो. एक, स्वतःचं घर. आणि दुसरी, ते घर स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. नोकरी, लग्न, मुलंबाळं या गोष्टी मधल्या वेळात उरकायच्या. आमच्या चिरंजीवांनी या दोन्ही इच्छा डोंबिवलीहून थेट सिंगापूरला नेल्या. 2012 साली तो तिथे नोकरीला लागला. पहिल्याच फोनवर हिने हवापाणी विचारायच्या आधी विचारलं, "भाडं किती?" आकडा ऐकला आणि म्हणाली, "अरे, मग घेऊनच टाक ना!"

घेऊन टाक! तिथले ऐंशी टक्क्यांच्या आसपास रहिवासी सरकारने बांधलेल्या इमारतींत राहतात. आपल्या म्हाडाची मोठी बहीण म्हणा. पण परदेशी माणसाला तिथे भाड्याने राहता येतं, विकत घेता येत नाही. बंगल्याला सरकारची खास परवानगी लागते. उरले खासगी इमारतींतले फ्लॅट. त्यांच्या खाली बहुधा पोहण्याचा तलाव असतो आणि त्याची किंमत, न पोहणाऱ्यांकडूनही, आधीच वसूल केलेली असते.

तेही चाललं असतं. पण घर घेणाऱ्या परदेशी माणसाला तिथे नेहमीच्या मुद्रांक शुल्कावर आणखी एक जादा शुल्क पडतं. डिसेंबर 2011 मध्ये ते सुरू झालं तेव्हा होतं 10 टक्के. चिरंजीव म्हणाले, थोडे पैसे साठवतो. 2013 च्या जानेवारीत ते 15 झालं. लग्न झालं, पुन्हा साठवणूक सुरू झाली; 2018 साली 20. मुलगा झाला, सूनबाईही नोकरीला लागली, आता जमेल असं वाटलं तोच 2021 च्या डिसेंबरात 30. आणि 27 एप्रिल 2023 पासून एकदम 60! डोंबिवली फास्ट धावत जाऊन पकडायची आणि हात दांडीला लागता लागता गाडीने वेग घ्यायचा, हा अनुभव आमच्या घराण्याला नवा नाही. पण त्या गाडीला निदान मागून दुसरी असते.

मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. (रुपयांत गुणाकार करायचा नाही, अशी मुलाची सक्त ताकीद होती.) समजा, फ्लॅट 15 लाख सिंगापूर डॉलरचा. साधं मुद्रांक शुल्क 44,600. त्यावर हे जादा शुल्क 9 लाख.

"म्हणजे एक फ्लॅट आपल्याला आणि अर्ध्याहून मोठा सरकारला," मी म्हणालो.

"मग त्या सरकारच्या फ्लॅटमध्येच राहू दे की त्याला," ही म्हणाली.

इकडून हातभार लावावा, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे माणशी वर्षाला अडीच लाख अमेरिकी डॉलर बाहेर पाठवता येतात. आमच्या पासबुकाने या मर्यादेला आजवर कधीही धोका निर्माण केलेला नाही.

खरी गंमत पुढेच आहे. मुलाच्या ऑफिसात एक मिरजेचे गृहस्थ आहेत. रोज डब्यात पिठलं. त्यांनी मागच्या वर्षी फ्लॅट घेतला आणि जादा शुल्क भरलं शून्य. कारण मधल्या काळात ते अमेरिकेचे नागरिक झाले. व्यापारी करारांमुळे अमेरिका, स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिक्टेनस्टाइन या पाच देशांच्या नागरिकांना तिथे घरापुरतं घरच्यासारखं वागवतात. भारताचाही 2005 सालचा करार आहे, पण त्यात ही सवलत नाही. म्हणजे मिरज शून्य टक्के परकी आणि डोंबिवली साठ टक्के! लिक्टेनस्टाइन कुठे आहे ते मी नकाशात भिंग लावून पाहिलं. अख्ख्या देशाची लोकसंख्या 40 हजारांच्या आसपास. आमच्याकडे तेवढी माणसं सकाळी तिकिटाच्या रांगेत सापडतील.

रागावून बोलायला तोंड उघडलं होतं. पण मला वांगणी आठवली. निवृत्तीनंतर तिकडे अर्धा एकर घ्यावी, चार आंबे लावावेत, असा बेत होता. तिथे प्रश्न आला, "शेतकरी असल्याचा दाखला?" आमच्या तीन पिढ्या शाळामास्तरांच्या. या राज्यात 1948 च्या कायद्यामुळे, परवानगी काढल्याशिवाय, शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही. म्हणजे डोंबिवलीहून लोकलने तासाभराच्या आत पोचतो त्या गावात मी शंभर टक्के परका! शिवाय भारतीय मूळ नसलेल्या, इथे न राहणाऱ्या परदेशी माणसाला आपणही घर विकत घेऊ देत नाही. तेव्हा सिंगापूरवर डोळे वटारण्यात फारसा अर्थ नव्हता. त्यांची जमीन मुळातच टीचभर. मी तोंड मिटलं.

साठाचे पाच टक्के करण्याचा एक मार्ग आहे. तिथला कायम रहिवासी व्हायचं. मग पहिल्या घराला जादा शुल्क पाचच टक्के. चिरंजीवांनी अर्जाची तयारी केलीसुद्धा. अर्जात नातवाचंही नाव. तो तिथेच जन्मला, तरी नुसत्या जन्माने तिथलं नागरिकत्व मिळत नाही, त्यामुळे तोही आजवर बापाइतकाच परका. मात्र आईबापांच्या अर्जावर मुलगा कायम रहिवासी झाला, की अठराव्या वर्षी त्याला दोन वर्षं सक्तीची लष्करी सेवा. बापाला ती माफ आहे.

हे कळलं तेव्हा हिच्या हातात निवडायची मेथी होती. ती तशीच राहिली.

"पंचावन्न टक्क्यांसाठी नातू द्यायचा?"

"आई, तिथली सगळीच मुलं जातात. आणि अजून अकरा वर्षं आहेत."

"घर कोणाला पाहिजे? तुला. आणि पलटणीत कोणी जायचं? त्याने. त्याला विचारलंस का?"

विचारलं. पडद्यावर सात वर्षांचं ध्यान उड्या मारत आलं. "आजी, बंदूक खरी देतात?"

"गिरगावात आम्ही एकवीस वर्षं भाड्याने राहिलो," ही मला म्हणाली, मुलाला ऐकू जाईल अशा आवाजात. "दोन्ही बाळंतपणं त्याच खोलीत काढली. कोणी टक्के विचारले नाहीत."

अर्ज भरून तयार आहे. सूनबाई म्हणाली, शाळेला सुटी लागू दे, मग बघू.